दुर्योधनाच्या दारातली फट

मृग तोंडावर आला की माझ्या हातांना चिखल आठवतो. आता सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चिखल कुठून आणायचा? खाली वॉचमन कुंड्यांना पाणी घालतो, त्या मातीचा वास वर आला की मी उगाच खिडकीशी जाऊन उभी राहते. सून विचारते, "आई, काही हवंय का?" मी म्हणते, काही नको. यंदा मात्र मृगाच्या आधी सिनेमा आला. नात कॉलेजातून आली ती ओरडतच. "आजी, तुझ्या देवाचा पिक्चर लागलाय! तिकिटं काढलीत. नाही म्हणायचं नाही."

माझा देव म्हणजे दुर्योधन. हसायचं असेल तर हसून घ्या, मीही पुष्कळ हसले आहे. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात माझं सासर, आणि त्या गावात दुर्योधनाचं देऊळ आहे. साऱ्या मुलखात ज्याचं नाव कुणी पोराला ठेवत नाही, त्याला आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ दिवा, नवस, नारळ, सगळं. मी नगरची. वडील कचेरीत शिपाई, मी मॅट्रिक पास, आणि त्याचा मला फार तोरा. लग्न ठरल्यावर हे देवाचं प्रकरण कळलं तेव्हा मैत्रिणींनी मला नुसतं फाडून खाल्लं. "सासरी पाया पडायला गेलीस की साडी घट्ट धर हं," असं एकजण म्हणाली. मी रडकुंडीला आले होते.

तर सिनेमा. थेटरात गारठा इतका की मी पदर कानावरून घेऊन बसले. पडद्यावरचा दुर्योधन बघण्यासारखा होता, नाही असं नाही. दंड असे, की त्यात त्याची मान हरवावी. केस सारखे उडत होते. वारा नेहमी समोरूनच यायचा. दर दहा मिनिटांनी तो आभाळाकडे बघून ओरडे आणि खुर्च्या हादरत. नात म्हणाली, यात खलनायकाची बाजू दाखवली आहे. मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी दाखवली. पण बाजू दाखवायची म्हणजे यांनी काय केलं, बाकी सगळे वाईट करून टाकले. पांडव कपटी, गुरुजी लबाड, म्हातारे आंधळेच नव्हे तर दुष्टही. आणि भर सभेत त्या बाईची जी विटंबना झाली, ती म्हणे याला ठाऊकच नव्हती. हा तेव्हा तोंड फिरवून डोळे पुसत उभा! मला रागच आला. केलं तर केलं. त्याच्या हातून झालेली गोष्ट काढून घेतलीत तर मग माणूस उरला कुठे?

मी वाट बघत होते ती तळ्याची. बाकी काही बिघडवा, पण तेवढा तळ्याचा प्रसंग धड दाखवा, म्हणजे मी सगळं माफ करीन, असं मनाशी धरून बसले होते. तळं आलं. त्यात एक मगर होती. दुर्योधनाने पाण्याखाली मगरीशी पाच मिनिटं कुस्ती केली आणि टाळ्या पडल्या. परतताना रिक्षात नात म्हणाली, "आवडला नाही ना तुला?" मी म्हटलं, दमले गं. तिला काय सांगणार, कुठून सांगणार.

तळ्याची गोष्ट मला मामांनी सांगितली होती. मामा म्हणजे माझे सासरे, म्हादबा. उंच, हडकुळा माणूस, बोलणं तोलूनमापून. दुर्योधनाच्या देवळाच्या दारात भिंत घालायचं काम त्यांच्याकडे होतं. दरसाल मृगाच्या आधी ते दार विटांनी आणि चिखलाने लिंपून बंद करायचं आणि पावसाळा सरला की उघडायचं, ही गावची रीत. का, असं मी विचारलं तेव्हा लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मी त्यांची भाकरी घेऊन देवळाशी गेले होते. ते पायाने चिखल तुडवत होते, गव्हाचं काड मिसळून, आणि तुडवता तुडवता सांगत होते.

"समदे भाऊ गेले. फौज गेली. अंगावर जखमा. येकला पडला. पळून पळून जानार कुठं? तळ्यात शिरला. पान्याला म्हनला, मला झाक. पर पान्यानं न्हाई झाकलं. पांडवांनी हुडकून काढला आन् मांडी फोडली. तवापास्नं पान्यावर राग हाय त्याचा. ढग दिसला का डोळं वटारतो. त्याची नजर पडली का ढग पळालाच. म्हनून चार म्हैने दार बंद ठिवायचं."

एवढं बोलून ते पुन्हा थर लावायला लागले. लावताना आतल्या देवाशी हळू बोलत. "बस आता. पिकं निघू दे. चार म्हैन्यानं येतो." हे असं एखाद्या आजारी माणसाला घरी ठेवून शेतावर जाताना बोलावं, तसं होतं. भिंत छातीपर्यंत आली होती. मी वाकून आत पाहिलं. चुन्याने रंगवलेली बसकी मूर्ती, मोठाले काळे डोळे, पुढे मिणमिणता दिवा. माझ्या मनात आलं, हा दिवा उद्या विझेल, मग हा चार महिने ठार अंधारात. भाऊ नाहीत, बाप आंधळा, आणि आता हे.

मी बोलून गेले. "मामा, खाली उंबऱ्यापाशी एवढीशी फट ठेवली तर? तिथून आभाळ कुठं दिसतंय? नुसता उजेड जाईल आत."

त्यांनी हातातली वीट खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. मग खाली बसले आणि सगळ्यात खालच्या थरातली अर्धी वीट त्यांनी अलगद काढून घेतली. मुठीएवढी फट राहिली. आपण सासरी येऊन काहीतरी सुधारणा केली, असं वाटून मी घरी येताना गाणं गुणगुणत आले, हे कबूल करते.

ते साल बहात्तरचं.

आमच्या पिढीला पुढचं सांगावं लागत नाही, पण नातीला सांगावं लागतं. मृग कोरडा गेला. आर्द्रात चार थेंब आले तेवढ्यावर लोकांनी घाई करून बाजरी पेरली, ती वीतभर उगवून करपली. आभाळ भरून येई, अगदी काळं होई, बायका वाळवणं उचलत, आणि मग वारा सुटून सगळं पूर्वेकडे निघून जाई. असं एकदा नाही, दहादा झालं. ढग पळताना मी दारात उभी राहून बघत असे आणि मला ती मुठीएवढी फट आठवे. मी मॅट्रिक पास होते. ढग कसे होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी फट आठवे.

श्रावणातल्या सोमवारी रंगनाथतात्या देवळाच्या पायरीवर टेकले आणि त्यांना फट दिसली. तात्यांचं शिवार आमच्या शेजारचं. त्यांची बाजरी गेली होती, विहीर आटली होती, आणि बैलांची खिल्लारी जोडी दावणीला हाडं दाखवत उभी होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फटीत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. घटकाभरात सारं गाव देवळापुढे जमलं.

"म्हादबा, ह्ये काय?"

"फट हाय," मामा म्हणाले.

"राहिली का ठिवली?"

राहिली, असं म्हणाले असते तर निभावलं असतं. उंदराने पाडली म्हणता आलं असतं. पण मामा म्हणाले, "म्या ठिवली."

"कशापायी?"

"ठिवली."

मी बायकांत उभी होते, डोईवर पदर. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. मी उघडलं नाही. नव्या सुनेने चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती, असं मी स्वतःला पुढे पुष्कळ समजावलं. खरं एवढंच की मी भ्याले. मला घालवून देतील, नगरला बापाच्या दारात नेऊन सोडतील, आणि माझ्या मैत्रिणी हसतील, असं वाटलं. गावाने फट तिथल्या तिथे बुजवली. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावून आलं नाही. पुढल्या सालापासून भिंत तात्यांनी घालायची, एवढंच ठरलं. मामांनी मान हलवली, घरी आले आणि हातपाय धुऊन ओट्यावर बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. रागाने नव्हे, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ते कळत होतं, म्हणून जास्त लागत होतं.

फट बुजली तरी पाऊस आला नाही. भिंत मोकळी करायची वेळही आली आणि गेली. पावसाळाच झाला नाही तर तो सरला कधी म्हणायचं? दिवाळीनंतर दुष्काळी काम निघालं आणि आम्ही सगळे खडी फोडायला गेलो. माझे यजमान साखर कारखान्यावर होते, पंधरवड्याने येत. घरून मी, मामा आणि आत्या, म्हणजे सासूबाई. त्या कामाचा आवाज अजून कानात आहे. शे-दोनशे हातोडे, प्रत्येकाचा ताल वेगळा, आणि मध्येच कुणाचं तरी पोर रडणं. दगडाची धूळ भाकरीवर बसे. भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या रेशनच्या ज्वारीची, लालसर. थापायला घ्यावी तर हातात तुटायची. पोरांना सरकारी सुकडी मिळे, गोड पिठासारखी, ती त्यांच्या गालांना चिकटलेली असे.

पहिल्याच दिवशी माझी बोटं फुटली. शेजारी बसलेल्या बाईने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, माझ्या दोन बोटांना गुंडाळली आणि म्हणाली, "दगड धराया शीक आदुगर, मंग हान." ही सोनाबाई, तात्यांची बायको. ज्या घराने आमच्या घरचं भिंत घालायचं काम काढून घेतलं, त्या घरची चिंधी मी महिनोन्महिने बोटांना बांधली. ती बसे माझ्याशेजारीच. बडबडी, तोंडाने फटकळ, आणि कामाला वाघीण.

मामा पुरुषांच्या रांगेत पलीकडे बसत. कुणाची जनावरं विकायला निघाली की त्यांचा हातोडा थांबे. तात्यांची जोडी गेली त्या दिवशी तर ते पार संध्याकाळपर्यंत नुसते बसून राहिले. संध्याकाळचं जेवण त्यांनी श्रावणापासूनच सोडलं होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, सगळ्या जिल्ह्यात पाऊस नाही. मराठवाड्यात नाही. रेडिओवर सांगतात. एका फटीनं असं कसं होईल?"

"त्याच्या नजरंला जिल्हा कळत न्हाई, पोरी," ते म्हणाले आणि पुन्हा दगड पुढे ओढला.

मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं की फट तुमची नाही, माझी आहे. पण ते त्यांना ठाऊकच होतं. सांगायला हवं होतं ते बाकीच्यांना. रोज सकाळी कामावर जाताना ठरवायचे, आज सांगायचं. रोज संध्याकाळी परत यायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मी त्याला दोन वेळ पाणी नेऊन देत होते.

खडीवर बायका महाभारतातल्या गोष्टी सांगत. द्रौपदीची गोष्ट आली की सगळ्याजणी दुर्योधनाला मुडद्या, मेल्या म्हणत आणि म्हणता म्हणता हातोडे जोरात पडत. आणि त्याच बायका कामावरून परतताना वाट वाकडी करून त्याच्या बंद दारापुढे दिवा ठेवत. मला हसू येई. मी सोनाबाईला विचारलं, "तुम्ही त्याला शिव्याही देता आणि दिवाही लावता. हे कसं काय?"

ती म्हणाली, "चुकला न्हवं का? लई चुकला. बाईच्या पदराला हात घातल्याला मानूस. त्यो काय शाना म्हनायचा? पर आपल्यात येऊन बसलाय. चुकला म्हनून अंधारात उपाशी ठिवायचा व्हय?"

सिनेमावाल्यांना सांगावं तर हेच. तुम्ही त्याला निर्दोष ठरवायला कोट्यवधी खर्चले. आमच्या गावाला त्याची गरजच पडली नाही. गावाने त्याचा गुन्हा एका कणाने कमी केला नाही आणि दिव्यातलं तेलही कमी केलं नाही. थेटरात मी मगर बघत बसले होते तेव्हा मला सोनाबाईचा तो आवाज ऐकू येत होता, दगडाच्या धुळीने बसलेला.

पुढचा ज्येष्ठ आला. मधल्या काळात दार एकदा उघडून, देवाला आंघोळ घालून झाली होती, मामा मात्र तिकडे फिरकले नव्हते. आता तात्या भिंत घालणार होते. चिखलाला पाणी कुठलं? प्यायलाच नव्हतं. मग प्रत्येक घरातून एक तांब्या पाणी आलं. बायका पदराआड तांब्या धरून, सांडू न देता येत आणि मातीच्या आळ्यात रिकामा करत. मीही एक नेला. गाव जमलं होतं. आत्यांनी फारच विनवलं म्हणून मामा आले होते, पण लांब लिंबाखाली उभे होते, परक्या गावच्या माणसासारखे.

तात्यांचा हात नवा. थर वाकडे जात होते, ते पुन्हा काढून लावत होते. ऊन चढलं तसा चिखल घट्ट व्हायला लागला. शेवटी सगळी भिंत झाली आणि एका विटेची जागा राहिली, मूर्तीच्या तोंडासमोरची. तात्यांनी वीट उचलली, चिखल लावला, हात पुढे नेला आणि थांबले. आत बघत राहिले. हात खाली आला.

"म्हादबा," ते मागे न बघता म्हणाले, "हिकडं ये."

मामा जागचे हलले नाहीत. "चिखल सैल कर थोडा. बसंल."

"चिखलाचं न्हाई रं. त्यो बघतोय माज्याकडं." तात्यांचा आवाज चिरकला. "तीस वर्सं तू कसं केलंस ह्ये? माज्यानं न्हाई हुत. तूच ये."

कुणी हसलं नाही. सगळे मामांकडे बघायला लागले.

"माजा हात नगं," मामा म्हणाले. "ह्या हातानं येकदा वाटुळं झालंय गावाचं. पुन्यांदा नगं."

त्या माणसाचा आवाज इतका साधा होता, जणू उद्याचं काम सांगावं. ते ऐकलं आणि मी कशी पुढे गेले, मला ठाऊक नाही. रिकामा तांब्या हातातच होता. भिंतीच्या आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, डोईवरचा पदर कुठे गेला त्याचंही भान नाही. "फट मी ठेवायला सांगितली होती," मी म्हणाले. "मामांनी नाही. मी सांगितलं, म्हणून त्यांनी ठेवली. माझं नाव झाकायला ते गप्प बसले. आता मला काय करायचं ते करा."

मी खाली बघून उभी होते. मला वाटलं, आता सुरू होईल. मग चिखलाचं घमेलं कमरेवर घेतलेली सोनाबाई पुढे आली.

"ठावं हाय," ती म्हणाली.

मी वर बघितलं. तात्या वीट हातात धरून उभे होते, त्यांनीही मान हलवली. बायकांपैकी कुणी चकित झालेलं दिसेना.

"तीस वर्सं भित घातली ह्यानं," सोनाबाई म्हणाली, "कंदी बोट जाईल येवढी फट न्हाई राहिली. सून घरात आली आन् फट राहिली. येवढं कळाना व्हय आमाला? त्याच दिसाला कळलं हुतं. तू घरी गेलीस, आन् हितंच देवळाम्होरं ठरलं, पोरीचं नाव कुनी काढायचं न्हाई."

"मग सांगितलं का नाही मला?" मला रडू फुटलं होतं. "दहा महिने... मामा बिचारे दहा महिने..."

"तुजा सासराच झाकत हुता, मंग आमी कशाला उघडायचं?" तिने घमेलं माझ्या पायाशी आदळलं. "सांगून काय, तुला म्हायेरी धाडायची हुती? आता रडाया बसू नगं. सर बाजूला. चिखल वाळतोय."

मी सरले. मामा लिंबाखालून चालत आले आणि तात्यांच्या हातातली वीट त्यांनी घेतली.